जुनाच टाय घाला

“श्वास सोडा,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पितळेची पट्टी थोरल्यांच्या कोटाच्या लॅपलवर आडवी धरली.

थोरल्यांनी श्वास सोडला. छाती खाली आली आणि पोट पुढे आलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पट्टीला लागेल इतके ते वाकले. कॉलरखालून छातीवर उलटलेलं ते कापड टोकाशी किती रुंद आहे, हे त्यांना पाठ होतं. कापलं त्यांनीच होतं. तरी मोजलं.

“सव्वाचार.” मग पट्टी टायच्या खालच्या टोकाशी गेली, जिथे टाय सगळ्यात रुंद असतो तिथे. “हाही सव्वाचार. केसाचा फरक दाखवा, मिशी काढीन.”

“मास्तर, तुम्हाला मिशी आहेच कुठे?” रांगेतला सगळ्यात तरुण नट म्हणाला.

“म्हणूनच पैज लावतोय.”

मेकअपची खोली हसली. सहा नट आरशासमोर ओळीने उभे होते आणि त्यांच्या मागे दांडीवर कोट टांगलेले होते. अठरा कोट. उद्या संध्याकाळी पहिला प्रयोग होता, आज रंगीत तालीम. नाटक एका फोटो स्टुडिओचं. एकाच घरातले सहा भाऊ दहा-बारा वर्षांनी एकदा तिथे येतात आणि एकत्र फोटो काढून घेतात. तीन अंक, तीन फोटो. पहिल्या अंकात लॅपल दोन इंच, कारण तेव्हाची फॅशन तशी होती. दुसऱ्यात सव्वाचार, कारण मधल्या काळात जगाला रुंदपणाचं वेड लागलं होतं. तिसऱ्यात जग शुद्धीवर आलं आणि लॅपल पावणेतीनवर उतरली. प्रत्येक कोटाला त्याच्याच रुंदीचा टाय.

“लॅपल तेवढा टाय,” मास्तर पुढच्या नटाकडे सरकत म्हणाले. “बाकी सगळं विसरा. अरुंद लॅपलवर रुंद टाय म्हणजे बोळात अडकलेला ट्रक. रुंद लॅपलवर अरुंद टाय म्हणजे मोकळ्या रानात बुजगावण्याचा दांडा. मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगितलं.”

“ऐकलं का त्यांनी?” थोरल्यांनी विचारलं. थोरले हे काही त्यांचं नाव नव्हे. प्रत्येक नाटकात मोठ्या भावाचं काम त्यांच्याच वाट्याला येई, म्हणून सगळी मंडळी त्यांना थोरले म्हणत.

“न ऐकून सांगतात कुणाला?” मास्तर म्हणाले.

ते खुशीत होते. पायांना स्वस्थता नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी माणूस टाचा उचलून चालत नाही, पण आज ते तसे चालत होते. बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. आठ महिने दुकानाचं शटर निम्मंच उघडलेलं असे. आत येणारा वाकूनच येई आणि आत काम नाही असं बघून वाकूनच परत जाई. शेवटी मुलीने रजा टाकली, खोकी आणली आणि दुकान आवरायला घेतलं. एक तारखेपासून तिथे मोबाईलची कव्हरं विकणारा बसणार होता. मास्तर मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांनी मान डोलावली होती. तेव्हा कशालाही डोलावत होते.

मग नाटकाच्या बाई आल्या. बाई तिशीच्या, पण दिग्दर्शक असल्याने साठीचे नटही त्यांना बाईच म्हणत. जुन्या काळच्या कोटांचे कागदी नमुने मास्तरांकडे वर्षवार टांगलेले आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. नमुने विकत हवे होते.

“नमुने मिळायचे नाहीत,” मास्तर म्हणाले होते. “कोट मिळतील.”

आपण काय बोलून गेलो हे त्यांना नंतर कळलं. पण मग दोन जुने कारागीर बोलावले, शटर पुरतं वर गेलं आणि तीन आठवडे इस्त्री थंड झाली नाही. या तीन आठवड्यांत दोनदा असं झालं की दुपारच्या जेवणापर्यंत त्यांना बायकोची आठवण आली नाही. आली तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. रंगीत तालीम मनासारखी झाली, तर वर्षभरातल्या पुढच्या चारही नाटकांचे कोट मास्तरांकडेच. चार नाटकं म्हणजे वर्षाचं काम. वर्षाचं काम म्हणजे दुकान. मुलीला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. खडीसाखरेचा खडा गालात धरावा तसं ते धरून हिंडत होते.

टाय मात्र त्यांनी केलेले नव्हते. टाय बायकोचे. मास्तर आतल्या टेबलावर कोट कापत आणि लॅपल पक्की झाली की बाहेर ओरडत, “तीन!” किंवा “साडेतीन!” बाहेर ती त्या मापाचा टाय शिवायला घेई. काउंटरखाली पाच खण होते आणि पाचही टायनी भरलेले. “जादाचे होऊन बसतात,” ती म्हणायची. “असू दे, लागतील कधीतरी.” आणि लागले की. सहाजणांना तीन अंकांचे अठरा टाय हवे होते, अठरा सापडले. मास्तरांना वाटलं, बाईमाणसाची दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

“चला, दुसरा अंक!” बाहेरून हाक आली.

*

पडदा वर गेला. सहा भाऊ दोन ओळींत, तिघे बसलेले, तिघे उभे. समोर तिपाईवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर झालेले आप्पा. आप्पा कंपनीतले सगळ्यात जुने नट, आणि आकाराने सगळ्यात मोठे.

मास्तर विंगेत उभे होते. दिव्यांत कोट असे काही उठून दिसले की त्यांचा हात नकळत खिशातल्या खडूवर गेला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर आणि सहा छात्यांवर सहा टाय, प्रत्येक आपापल्या लॅपलचा सख्खा भाऊ.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्या पाचव्या रांगेत चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या.

“काय झालं?” आप्पांनी कॅमेऱ्यामागून विचारलं. “माझं पोट मध्ये येतंय का?”

“तुमचं पोट या चित्रातली एकमेव खरी गोष्ट आहे, आप्पा.” बाई उठून पुढे आल्या. “हे भाऊ वाटत नाहीत मला. दुकानाच्या काचेतले पुतळे वाटतात. पहिल्या अंकात ठीक होतं. इथे खोटं वाटतंय आणि का ते कळत नाहीये.”

मास्तर विंगेतून बाहेर आले. रंगमंचावर पाय ठेवतोय हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

“माप चुकलंय का, बाई?”

“नाही.”

“कापड? त्या काळातलंच आहे.”

“मास्तर, काहीच चुकलेलं नाही. तेच खुपतंय.” त्यांनी सहाजणांकडे परत एकदा बघितलं. “तीन वाजता पुन्हा लावू. तोवर सुचलं नाही तर टाय काढून टाकते. गळे उघडे ठेवू.”

“उघडे?” बाईंनी सहा भावांना धोतर सोडायला सांगितलं असावं, असा मास्तरांचा चेहरा झाला.

“आणि पुढच्या नाटकांचं आपण नंतर बोलू.”

“मी पुरावा आणतो,” मास्तर म्हणाले. “त्या काळी माणसं कशी दिसायची त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. मग बोला.”

“आणा ना!” बाई म्हणाल्या. ते चेष्टेत नव्हतं. “पळा, आणा.”

*

ते खरंच पळाले. दोन गल्ल्यांचं अंतर. गळ्यातली टेप मागे उडत होती आणि समोरून येणारे बाजूला होत होते.

दुकानात मुलगी खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती. तिला सगळे छकू म्हणत. आता ती चाळिशीला टेकली होती, तरी ते सुटलं नव्हतं.

“बाबा! काय झालं? कोण पडलं?”

“कोणी नाही. अल्बम कुठाय?”

“कुठला अल्बम?”

“गिऱ्हाइकांचा. आई लावायची तो.”

“तुम्ही आधी बसा. पाणी प्या. छाती बघा कशी होतेय.”

“छाती राहू दे गं! तीन वाजता पडदा वर जातोय. अल्बम!”

छकूने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. मग एक खोकं उघडलं, दुसरं उघडलं आणि तिसऱ्यातून जाडजूड अल्बम काढला. कोट नेलेली माणसं लग्नाचा, बक्षिसाचा, नव्या नोकरीचा फोटो दुकानात आणून देत. बायको ते चिकटवून ठेवी. मास्तर ते त्या त्या वेळी बघत, पण खांदा नीट बसलाय का एवढंच बघून परत देत.

त्यांनी अल्बम टेबलावर उघडला आणि कागदाची एक बारीक पट्टी फाडली. फोटोतल्या लॅपलवर ती ठेवून नखाने खूण केली. मग तीच पट्टी टायवर नेली.

खूण टायच्या कितीतरी बाहेर गेली.

“हा कोण मूर्ख?” मास्तर म्हणाले. “लॅपल चार इंच आणि टाय चिंधीएवढा.”

“शाळेचे हेडमास्तर.”

त्यांनी पान उलटलं. नवरदेव. रुंद लॅपल, अरुंद टाय. पुढे दोन व्याही शेजारी शेजारी. एकाचा टाय अरुंद, दुसऱ्याचा त्याहून अरुंद. त्यांनी भराभर पानं उलटली. पुढच्या वर्षांत लॅपल अरुंद झाली होती आणि तिच्यावर टाय मात्र रुंदच्या रुंद. बँकेतला साहेब, पेटीवादक, दंतवैद्य. बोळात ट्रक, बोळात ट्रक, बोळात ट्रक.

“सगळं गाव आंधळं होतं की काय!” मास्तर ओरडले. “या प्रत्येकाला मी टाय दिलाय! मापाचा! नंबर मी स्वतः सांगितलाय! मग हे काय घालून हिंडले?”

छकू हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून हसली, मग हात काढून. खोक्यावर बसली आणि डोळे पुसायला लागली.

“हसतेस काय?”

“बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“काय माहीत नाही?”

“आईने तुमचे टाय कधी दिलेच नाहीत कुणाला.”

मास्तरांनी अल्बम मिटला.

“म्हणजे?”

“मी इथे काउंटरखाली बसून अभ्यास करायचे ना. रोज ऐकायचे. माणूस कोट न्यायला आला की आई विचारायची, घरी टाय आहे ना? तो म्हणायचा, आहे हो काकू, पण जुना आहे, मास्तर म्हणतात जुळणार नाही. आई म्हणायची, कुणी दिला? मग कुणी सांगायचा सासऱ्यांनी दिलाय, कुणी म्हणायचा भावाचा आहे, पहिल्या पगाराचा आहे. की आई लगेच म्हणायची, मग जुनाच टाय घाला, चांगला दिसतो. मास्तरांना सांगू नका. आणि तुमचा टाय जायचा खणात.”

“सगळ्यांचा?”

“शंभरातल्या नव्वदांचा तरी. काही मिरवणारे असायचे, ते मात्र हट्टाने नवा न्यायचे.”

मास्तर उठले. टेबलावर तालमीला न लागलेल्या टायचा ढीग होता. त्यांनी एक उचलला. मागच्या बाजूला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठीवर माप असणार, एवढं गृहीत धरून त्यांनी इतके दिवस वरचा आकडाच वाचला होता. आता खालची ओळ वाचली. ‘दंतवैद्य.’ दुसरा उचलला. ‘पेटीवाले.’ तिसरा. ‘हेडमास्तर, मोठ्या कोटावरचा.’

“जादाचे म्हणाली होती मला,” ते म्हणाले.

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“पस्तीस वर्षं?”

“मी एकदा विचारलं होतं तिला. म्हटलं, आई, बाबा एवढं मोजून सांगतात आणि तू असं का करतेस? तर म्हणाली, कोट बाबांचा झाला, टाय तरी त्या माणसाचा असू दे.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. सदऱ्याला खडू लागलेला होता, त्यामुळे काचा होत्या त्याहून पांढऱ्या झाल्या. तो तसाच डोळ्यांवर चढवून त्यांनी अल्बमचं पहिलं पान काढलं. तिथे ते स्वतः होते. लग्नातले. स्वतःच कापलेला कोट, चांगली चार इंचांची लॅपल, आणि तिच्यावर अरुंदसा, सुतळीसारखा टाय. तो त्यांच्या वडिलांचा होता. वडील त्या वर्षी हयात नव्हते. मास्तर पट्टी न लावता त्या फोटोकडे बघत राहिले.

मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. छकू दचकून उठली. पण मास्तर हसत होते. खांदे गदगदत होते आणि एक हात टेबलावर थापा मारत होता.

“अगं, पुतळे!” ते म्हणाले. “बाई म्हणाली ते बरोबर होतं. पुतळेच! सहा भाऊ एकाच दिवशी नवा कोट आणि नवा टाय घेऊन फोटोला बसतात होय? कुणाच्या घरी बसतात? अगं छकू, किती वाजले?”

“पावणेतीन. बाबा, पळू नका!”

पण ते गेले होते.

*

“पहिल्या अंकातले टाय दुसऱ्यात घाला,” मास्तर दारातूनच म्हणाले. “दुसऱ्यातले तिसऱ्यात. पहिला अंक आहे तसाच.”

मेकअपच्या खोलीत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मास्तरांनी वाट बघितली नाही. थोरल्यांच्या गळ्यातला सव्वाचारचा टाय त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला आणि दोन इंची चढवला.

“मास्तर, हा जुळत नाही,” थोरले म्हणाले.

“नाहीच जुळत. हा तुमच्या पहिल्या फोटोतला आहे. कोट नवा शिवलात, टाय तोच ठेवलात. का ठेवलात?”

थोरल्यांनी आरशात बघितलं. टायची गाठ चिमटीत धरली. तालमीत महिनाभर त्यांनी गाठीला हात लावला नव्हता.

“बायकोने दिलेला असेल,” ते हळूच म्हणाले. “दुसऱ्या अंकात ती माहेरी निघून गेलेली असते. संहितेत आहे. मी फोटोत कुणाकडे बघू, असं बाईंना परवा विचारत होतो.”

“मला कुठला?” तरुण नट म्हणाला. तो सगळ्यात धाकट्या भावाचं काम करत होता.

मास्तरांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुझा सव्वाचारच राहू दे. नवा कोरा.”

“एकट्याचाच?”

“एकट्याचाच. प्रत्येक घरात एक मिरवणारा असतो.”

“म्हणजे मी उधळ्या आहे!” तो ओरडला. “बाई! मी उधळ्या आहे! मला आज कळलं!”

खोलीत एकच गडबड उडाली. ज्याला त्याला आपला टाय कुठून आला हे ठरवायचं होतं. दुसरा भाऊ म्हणाला, माझा मोठ्याकडून उतरलेला. तिसरा म्हणाला, मी कंजूष आहे, म्हणून. चौथा आणि पाचवा एकाच टायवरून भांडायला लागले आणि आपण जुळे आहोत असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मास्तर मधोमध उभे राहून गाठी ओढत होते, कॉलर उलटवत होते. त्यांच्या हातांना सुचेल तितकं तोंडाला सुचत नव्हतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी पडदा वर गेला.

या वेळी बाई पाचव्या रांगेत बसल्या नाहीत. त्या उभ्याच राहिल्या. तिघे बसलेले, तिघे उभे, रुंद लॅपलांवर पाच अरुंद टाय आणि कडेला एकटा धाकटा, छातीवर झेंडा लावल्यासारखा. बाकीचे पाच भाऊ कुणी न सांगता त्याच्यापासून बोटभर लांब सरकले होते. थोरले कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते.

आप्पांनी काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढलं. “हसा की जरा,” ते म्हणाले. ते त्यांचं वाक्यच होतं, पण आज ते म्हणाले आणि मागच्या रांगेतला दिवेवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला.

बाई पायऱ्या चढून वर आल्या. मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

“कुठे सापडलं हे?”

“घरातच होतं,” मास्तर म्हणाले.

“पुढची चारही नाटकं तुमची. नाही म्हणायचं नाही.” मग त्या वळल्या आणि आप्पांकडे बोट दाखवलं. “आणि आता यांचं बघा. इतकी वर्षं एकाच स्टुडिओत उभा असलेला माणूस. यांना एकच टाय हवा, तिन्ही अंकांत तोच. सगळ्यांचे कोट बदलतील, यांचं काही बदलणार नाही.”

आप्पांना लगेच एक टाय लावून बघितला. तो पोटाच्या चढावर अर्ध्यातच थांबला.

“माझं पोट म्हणजे चौथा अंक आहे,” आप्पा म्हणाले. “त्याला पुरेसा टाय अजून कुणी लिहिलेला नाही.”

“नवाच करावा लागेल. नेहमीपेक्षा चांगला वीतभर लांब,” बाई म्हणाल्या. “उद्या दुपारपर्यंत होईल? टाय कोण करतं तुमच्याकडे?”

मास्तरांनी टेप गोल गुंडाळली, पुन्हा सोडली.

“घरचंच काम आहे,” ते म्हणाले. “होईल.”

*

दुकानात परतले तेव्हा ऊन दारातून आत टेबलापर्यंत आलं होतं. छकूने टायचा ढीग नीट लावून ठेवला होता.

“काय झालं?”

“आप्पांना टाय करायचाय. उद्या दुपारपर्यंत.”

“कोण करणार?”

मास्तर काउंटरच्या बाहेरच्या बाजूला गेले. तिथे बायकोचं बुटकं स्टूल होतं. त्यावर ते कधी बसले नव्हते. बसल्यावर गुडघे हनुवटीजवळ आले. त्यांनी दंतवैद्याचा टाय मांडीवर पालथा घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

पस्तीस वर्षं त्यांनी टाय मोजले होते. उलटा करून एकही बघितला नव्हता. कापड उरेब कापलेलं होतं, तिरकं, म्हणून तो गळ्यात पिळवटत नव्हता. आतलं लोकरीचं अस्तर कडेपासून सूतभर आत थांबवलेलं. आणि मधली लांब शिवण, एवढी लांब, ती एकाच दोऱ्याची. कुठे तुटलेली नाही, मध्ये कुठे गाठ नाही. खालच्या टोकाशी आत बोटभर दोरा नुसताच मोकळा सोडलेला होता.

“हे राहून गेलं का आईकडून?” छकूने वाकून विचारलं.

मास्तरांनी दोन्ही टोकं धरून टाय हलकेच ताणला. मोकळा दोरा शिवणीत सरकला आणि टाय इंचभर लांबला. सोडला, तशी लांबी परत आली. त्यांनी पुन्हा ताणला. पुन्हा सोडला.

“नाही,” ते म्हणाले. “मुद्दाम आहे. रोज गळ्याशी ओढाताण होणार, म्हणून जागा ठेवलीय.”

मग त्यांनी वरच्या टोकाचा टाका कात्रीने कापला, दोरा चिमटीत धरला आणि ओढला. तो न अडकता येत गेला. शिवण वरपासून खालपर्यंत आपोआप उघडली आणि अख्खा टाय त्यांच्या मांडीवर सपाट पसरला. एवढं मोठं कापड आत असेल असं बाहेरून वाटलं नव्हतं.

“अरेच्चा,” मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. एकदा ते कापडाची ही बाजू बघत, एकदा ती. “छकू, हे बघ, हे इथे कसं दुमडलंय. नाही, नाही, आधी हे दुमडलंय, मग ते. हुशार! काय हुशार बाई! तिची लांब सुई कुठाय? बारीक, मोठ्या नाकाची?”

“भरली मी.”

“कुठल्या खोक्यात?”

छकूने खोक्यांकडे बघितलं. चौदा होती. सगळ्यांवर चिकटपट्टी नीट लावलेली.

“लिहायचं राहिलं,” ती म्हणाली.

तिने पहिलं खोकं उघडलं. त्यात रिळं होती. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने ती भिंतीवरच्या फळीवर रंगवार लावली. दुसऱ्यात कागदी नमुने होते. ते तिने खिळ्यांवर टांगले. तिसऱ्यात बटणांचे डबे. चौथं उघडताना तिचा फोन वाजला. तिने कव्हरवाल्याचं नाव बघितलं, फोन उपडा करून ठेवला आणि कात्री पुन्हा हातात घेतली.

“आज रेशीम कापून ठेवतो,” मास्तर तिकडून बोलत होते, मान वर न करता. “सुई सावकाश शोध, घाई नाही. मोकळा दोरा किती सोडायचा तेवढं मात्र बघावं लागेल. आप्पा ओढणार, जोरात ओढणार.”

सुई सहाव्या खोक्यात सापडली, एका डबीत, काळ्या कापडात खोचलेली. छकूने ती त्यांच्या हातात दिली. मग परत जाऊन तिने सातवं खोकं उघडलं. आत नुसत्या इस्त्रीच्या उशा होत्या. त्या तिने काढून टेबलाखाली ठेवल्या, रिकामं खोकं पायाखाली घेऊन चपटं केलं आणि दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं.